टेपअप्पा आणि गिरजाक्कांचा आवाज

टेपअप्पांचा स्वतःच्या कानांवर विश्वास नव्हता; त्यांचा विश्वास होता बायकोच्या घशावर. पाथरीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं टेप दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाला लागूनच घर. मध्ये नुसता एक पडदा. टेप दुरुस्त झाला की अप्पा त्यात एक जुनी कॅसेट घालायचे. तिच्यातून त्यांच्या बायकोचा, गिरजाक्कांचा आवाज यायचा, "अहो, चहा निवायलाय, येता का न्हाई?" अप्पा कॅसेट थांबवायचे आणि पडद्याकडे तोंड करून ओरडायचे, "म्हन गं!" मग आतून खऱ्या गिरजाक्का तेच वाक्य म्हणायच्या, बहुतेक वेळा वैतागून. दोन्ही आवाज जुळेपर्यंत अप्पा मोटरीच्या पाठीवरच्या बारीक भोकात पेचकस घालून आतला स्क्रू फिरवत राहायचे. मोटर जोरात पळाली तर टेपमधला माणूस चिरकतो, मंद झाली तर रेड्यासारखा रेकतो. गिरजाक्कांचा आवाज गिरजाक्कांसारखा आला म्हणजे यंत्र बरोबर, हा अप्पांचा शेवटचा शब्द.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणून सगळ्या गावासारखी अप्पांनाही मी 'बाई'. एकदा मी शहाणपणा केला, "अप्पा, गती मोजायला मीटर मिळतं म्हणे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मंगळसूत्र भाड्यानं आणायला सांगितलं होतं. म्हणाले, "मीटर बिघडतंय, बाई. बायकू बिघडत न्हाई." आतून गिरजाक्का म्हणाल्या, "व्हय, बायकूला बिघडायला टाईम कुठं हाय?"

आमच्याकडचा डेक वडिलांनी फार पूर्वी हैदराबादहून आणलेला, ट्रंकेएवढा जड. वडील गेले, डेक राहिला, आणि माझी आई त्यावर सकाळ-संध्याकाळ भजनं ऐकायची. आमच्याकडचा उन्हाळा रबराला सोडत नाही. आतले बेल्ट वितळून चाकांना डांबरासारखे चिकटायचे. अप्पा ते स्पिरिटच्या फडक्यानं पुसत तासन्‌तास बसायचे. बेल्ट नुसता सैल झाला असेल तर तो उकळत्या पाण्यात टाकून आवळून घ्यायचे आणि त्यासाठी चहाचंच पातेलं पळवायचे, त्यावरून घरात रोज वाजायचं. दुसऱ्या कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवलेली दिसली की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. यंत्र आणणाऱ्याला दुकानाबाहेर उभं करून सुनवायचे, जणू ती पट्टी त्यानंच कापली होती. मोटर उघडली की सुईच्या टोकानं शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचे. "मोटरीला तेल अन् नवऱ्याला लाड, थेंबभरच," हे गिरजाक्कांचं म्हणणं.

ते नामांतराचे दिवस होते. गावात दोन बाजू पडल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या सभांच्या भाषणांच्या कॅसेटी फिरायच्या. एकमेकांच्या ओट्यावर न बसणारी माणसं अप्पांच्या बाकावर मात्र शेजारी शेजारी बसायची, मांडीवर आपापला टेप घेऊन, एकमेकांकडे न बघता. अप्पा गळ्यात लिंग बांधणारे, पण त्यांनी कुणाला तू कुठला, कुणाचा, असं विचारलेलं मी ऐकलं नाही. यंत्र कुठल्याही बाजूचं असो, ते गिरजाक्कांच्या चहाच्या वाक्यावरून पास होऊनच बाहेर पडायचं.

मग कधीतरी गावातले टेप मंद चालायला लागले. एका रात्रीत नाही, हळूहळू. आधी आई म्हणाली, "अगं, या बुवाला गाता गाता झोप यायलीय का?" मग शाळेतल्या शिपायानं तक्रार केली. मग दोन्ही बाजूंचे पुढारी सारखेच रेकायला लागले आणि लोकांना हसू आवरेना. अप्पांना हसू येत नव्हतं. ते म्हणायचे लाईट कमी आहे, बेल्ट नवा आहे, बसेल. आमचा डेक त्यांनी परत दुकानात नेला, बेल्ट बदलला, मोटर बदलली, चाकं घासली. शेवटी आपली कॅसेट लावून आत ओरडले, "म्हन गं!" आणि मला म्हणाले, "ऐका की बाई! जुळायलंय का न्हाई?" जुळत होतं, अगदी तंतोतंत.

गिरजाक्का त्या दिवसांत मधाचं चाटण घेत होत्या. भाकरी वरणात चांगली भिजवल्याशिवाय उतरत नाही, असं त्यांनी आईला एकदा सांगितलं होतं. आवाज बसला होता, ते अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं. पण मिसरी लावणाऱ्या बायकांचे घसे असेच असतात, असं गल्लीचं मत होतं. गिरजाक्कांचंही तेच. "मिसरीनं घसा धरलाय, दुसरं काय न्हाई," असं म्हणून त्या पुन्हा मिसरीचीच डबी उघडायच्या.

मी डेक आणायला गेले त्या दिवशी पोखर्णीचे एक भजनीबुवा दुकानात बसले होते. नरसिंहाच्या देवळात त्यांचं मंडळ गायचं. ते टेप तर घेऊन आले होतेच, सोबत आपली पेटीही घेऊन आले होते.

"अप्पा, ह्या कॅसेटीत मी ह्याच पेटीवर गायलोय," ते म्हणाले. "तुमी दुरुस्त केल्यापासून माझंच गाणं माझ्या पेटीशी जुळंना."

"पेटी चढली आसंल तुमची," अप्पा म्हणाले.

"पेटीचा सूर आसा चढत-उतरत नसतो, अप्पा. मशीन उतरलंय."

अप्पा चिडले. त्यांनी कॅसेट लावली, बुवांनी भाता ओढून सूर धरला. टेपमधली पेटी खाली होती. माझ्यासारख्या बेसूर बाईलाही ते कळलं. अप्पांनी आमचा डेक लावला, मग कोपऱ्यातला आणखी एक टेप लावला. सगळी यंत्रं खाली, आणि सगळी सारखीच खाली.

"आता सगळ्याच मोटरी कशा वो मंद व्हतील?" बुवा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

अप्पांनी पेचकस उचलला. पेटीच्या सुरावर कॅसेट जुळेपर्यंत त्यांनी बुवांच्या टेपचा स्क्रू फिरवला. मग आपली जुनी कॅसेट त्यात घातली. "अहो, चहा निवायलाय, येता का न्हाई?" केवढा मोकळा, खणखणीत आवाज होता तो! आम्ही सगळेच तो विसरून गेलो होतो. अप्पांनी पडद्याकडे पाहिलं. नेहमीसारखे ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, "म्हन गं."

आतून जो आवाज आला तो एखाद्या म्हाताऱ्या पुरुषाचा असावा तसा होता. घोगरा, फाटलेला, आणि 'निवायलाय'वर तुटलेला. बुवांनी भाता सोडला. अप्पा उठले आणि पडदा सारून आत गेले. मी डेक न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी बंद होता, एसटी निघाल्या नाहीत, जीपवाले तयार होईनात. त्यानंतर अप्पा गिरजाक्कांना शहरात घेऊन गेले. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि आधी अप्पांनाच विचारलं, आवाज बदलल्याला किती दिवस झाले? अप्पांना सांगता आलं नाही. उशीर झाला होता. परत आले तेव्हा मी भेटायला गेले. गिरजाक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, खुणेनंच मला बस म्हणाल्या. अप्पा मला दारापर्यंत पोचवायला आले आणि तिथे थांबून म्हणाले, "रोज ऐकायलो, बाई. दिवसातून धा वेळा म्हनायला लावलो. आवाज तिचा उतरायलाय, अन् मी दोष मोटरीला द्यायलो."

शेवटी शेवटी पाणीही उतरेना. गिरजाक्का उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच माती दिली. इतकी हडकलेली होती ती बाई, की बसवताना चौघांची गरज पडली नाही. मला त्यांचा फार लळा होता. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले, आणि खरं सांगायचं तर अप्पांचा रागही आला. ज्या माणसाला बेल्टचा केसाएवढा ढिलेपणा कळतो, त्याला हे कळू नये? पण तो राग टिकला नाही. ऐकू येत होतं ते आम्हाला तरी कुठं कळलं होतं?

दुकान बरेच दिवस बंद राहिलं. मग अप्पा एक पिशवी घेऊन बाहेर पडले. मंद केलेलं प्रत्येक यंत्र ते घरोघरी जाऊन पुन्हा उघडू लागले. पाथरी झाली, मग एसटीनं खेड्यापाड्यांत जाऊ लागले. गती जुळवायला आता त्या त्या घरातलं माणूस घ्यायचे. कुणाच्या बारशाची कॅसेट असायची, कुणाच्या लग्नाची. त्यातला आवाज ज्याचा, त्याला समोर बसवायचे.

आमच्याकडे आले ते पोळ्याच्या सुमारास, दुकानात राहिलेला आमचा डेक हातगाडीवर घालून. खूप वाळले होते. माझ्या भाचीच्या बारशाला आईनं म्हटलेला पाळणा आमच्याकडे होता. आई आधी लाजली, मग तिनं दोन ओळी म्हटल्या. अप्पांनी स्क्रू फिरवला, पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा फिरवला. टेपमधली आई आणि समोरची आई एक झाली. मला वाटलं, आता हे पिशवी आवरतील. मी चहा ठेवायला उठले.

"बसा, बाई," ते म्हणाले. आईकडे वळून त्यांनी विचारलं, "काकू, मिसरी लावता?"

आईनं मान डोलावली.

"घास गिळताना अडकत न्हाई नं? कानात कळ येत न्हाई नं?"

"न्हाई वो अप्पा, मला काय धाड भरलीय?" आई हसत म्हणाली.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून बॅटरी काढली, तिचं बटण दाबून पाहिलं आणि म्हणाले, "तोंड उघडा."

आई परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे पाहिलं. पदर मागे सारून ती दाराच्या उजेडाकडे सरकली आणि तिनं मोठा आ केला.