शकुबाईचा नळ

शकुबाईच्या दारात कुणी आलं, मग तो पाहुणा असो, पोस्टमन असो की गॅसवाला, पाणी न पिता गेला असं कधी झालं नाही. आणि पाणी म्हणजे माठातलं नव्हे हं! म्हातारी आलेल्याला ओट्यापाशी नेणार, त्याच्यादेखत पेला विसळणार, नळ सोडणार आणि भरलेला पेला हातात देऊन वर विचारणार, "ग्वाड हाय का न्हाई?" नाही म्हणायची कुणाची टाप होती!

घोरावाडी स्टेशनमागच्या वस्तीत लोक तिला हसायचे. हसोत बापडे. शकुबाईच्या माहेरच्या विहिरीवर ते कधी उभे राहिले नव्हते. तिची आई रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब थांबायची. कुणाला दया आली तर त्यानं वरून पाणी ओतायचं. एकदा तहानेनं कासावीस झालेल्या पोरीनं, म्हणजे शकूनं, काठावरच्या कुणाच्या तरी भरल्या हंड्याला हात लावला. "बाटवलं गं पाणी!" असा गलका झाला. हंडा उपडा झाला आणि आईच्या पाठीत दगड बसला. आईनं घरी येऊन पोरीला मारलं नाही. तिचा तो हात आपल्या हातात घेऊन नुसती बसून राहिली. तो शब्द मात्र शकुबाईच्या काळजात रुतला तो रुतलाच.

म्हणून पुढं संसारात कितीतरी वर्षांनी घरात नळ आला, तेव्हा तिनं पहिला पेला बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवला आणि पोटभर रडून घेतलं. आपल्या हातानं चावी फिरवायची, पाणी हजर! कुणाची मिनतवारी नाही. अशा पाण्यात खोट असू शकते, हे तिच्या डोक्यात शिरणार तरी कसं?

खोट आली ती दोन वर्षांपूर्वी. मागच्या माळावर बंगल्यांचं काम निघालं, जेसीबीनं खणताना पाण्याची लाइन चिरली आणि वरून माती लोटून मंडळी मोकळी झाली. शेजारून गटार वाहतंय, पण बघतो कोण! पाणी कधी पिवळट यायचं, कधी त्याला वास यायचा. वस्तीत दोघातिघांना कावीळ झाली, तशी आरोग्य केंद्राची आशाताई, करिष्मा, घरोघर सांगत फिरली, की लाइन दुरुस्त होईपर्यंत पाणी उकळून, गार करून प्या.

ती शकुबाईकडे आली तेव्हा म्हातारी नेहमीसारखी पेला विसळत होती. करिष्मानं पेला घेतला नाही.

"मावशी, राग नका मानू. हे पाणी खराब झालंय."

झालं! म्हातारी तडकली. "माजं पानी बाटलं म्हनतीस?"

"बाटलं कुठं म्हणतेय मी? गटाराची घाण मिसळतीय त्यात."

"येकच! माज्या आईला बी लोकं असंच म्हनायची. तुला प्यायचं नसंल तर नगं पिऊ, पन माज्या नळाला नावं ठिवू नगं."

करिष्मा डोंगरावरच्या आदिवासी वाडीतली. दूर उभं राहणं म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक होतं. तरी पेला काही तिनं घेतला नाही.

नेमकी त्याच सुमारास शकुबाईची नात अमृता मळवलीहून पहिल्या बाळंतपणाला आली. आईवेगळी पोर, आजीनंच लहानाची मोठी केलेली. तिच्या बापानं, म्हणजे शकुबाईच्या मुलानं, रतननं, लेकीसाठी पाण्याचा जार आणला. शकुबाईनं तो पायानं ओट्याखाली सरकवला. "घरात नळ असताना इकतचं पानी? याड लागलं का रं तुला?" अमृता शहाणी होती. दिवसभर गुपचूप जारचं प्यायची. पण दुपारचं जेवण उरकलं की आजी नळाचा पेला भरून पुढं यायची, "घे माजे बाय," म्हणायची, आणि म्हातारीच्या तोंडावरचं कौतुक बघून पोर पेला रिकामा करायची.

नववा लागला आणि अमृताचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी रतनला बाजूला घेतलं. या दिवसांतली कावीळ वाईट, म्हणाले. शकुबाई नातीच्या उशाशी बसून होती.

"खरं सांग पोरी, त्या पान्याला वास यायचा का गं?"

"यायचा गं आजी. पण तू इतक्या हौसेनं द्यायचीस. नको कसं म्हणू?"

दोघींचं हेच शेवटचं बोलणं. मुलगी झाली, वाचली. अमृता मात्र लेकीचं तोंडही न बघता गेली.

नातजावई आकाश मळवलीला एका बंगल्यावर राखणदार, तो बिचारा तान्ह्या पोरीला कसा सांभाळणार? ती पोर, यशोधरा, पणजीच्या मांडीवरच वाढू लागली. पुढं लाइन बदलली, पाणी तपासून झालं, निर्धोक निघालं. ते सांगायला करिष्मा मुद्दाम आली आणि म्हणाली, "मावशी, आता द्या मला एक पेला."

शकुबाई ओट्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिली. "तुज्या हातानं घे बाय. माजा हात लागला की बाटतं."

"असं नका हो बोलू!"

"माज्या आईनं कदी बाटवलं न्हाई. म्यां बाटवलं."

करिष्मा रडली. म्हातारीच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

आता यशोधरा चालायला लागलीय. परवा दुपारी रिकामा पेला घेऊन ती दुडुदुडु आली आणि पणजीचा पदर धरून तिला नळाकडं ओढू लागली. शकुबाई ओट्याच्या अलीकडंच थांबली. दोन्ही हात तिनं पाठीमागं घेतले. पोरगी पेला उंच धरून रडकुंडीला आली, तरी हात काही पुढं आले नाहीत.

"रतन, ये रं बाबा," तिनं आतल्या खोलीकडं बघत हाक मारली. "पोरीला तान लागलीया."