रविवारची खोली

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमागे एक खोली आहे. पूर्वी तिथे टेबल टेनिस खेळायचे. मग टेबलाचा पाय मोडला आणि ते भिंतीला टेकवून ठेवलं गेलं. त्या मोडक्या टेबलापुढे सतरंजी घालून आई दर रविवारी सकाळी मुलांना मराठी शिकवायची.

नोएडाच्या या उंच इमारतींमध्ये मराठी घरं बरीच आहेत. बहुतेक पुण्या-मुंबईहून आयटीतल्या नोकऱ्यांसाठी आलेली तरुण जोडपी. त्यांची मुलं इथेच बोलायला शिकली, म्हणून हिंदीतच बोलतात. गावाकडच्या आजी-आजोबांशी फोनवर चार वाक्यं बोलता यावीत, एवढ्यासाठी आई-बाप त्यांना माझ्या आईकडे पाठवायचे. आई पुस्तक फारसं वापरत नसे. थंडीत ती पिशवीभर आवळे घेऊन जायची.

"काकू, ये खट्टा है!"

"नुसतं आंबट नाही. नीट चाव. जीभ आखडली की नाही? त्याला तुरट म्हणतात. आता पाणी पी."

"अरे! पानी मीठा हो गया!"

"पाणी गोड लागलं," आई म्हणायची, आणि सगळ्यांकडून ते मराठीत म्हणवून घ्यायची.

बाबा गेल्यापासून आई आठवडाभर घरातच असायची. खाली उतरायची ती रविवारी. शनिवारी संध्याकाळीच साडी काढून पलंगावर ठेवायची. ती साडी दिसली की मला कळायचं, उद्या ही कुणाशी तरी बोलणार आहे. आम्ही दोघी एकमेकींशी फार बोलत नाही. भांडण वगैरे नाही. सुचतच नाही.

मी दिल्लीतल्या एका संस्थेत काम करते. बाहेरच्या देशांतून निधी येतो आणि आम्ही वस्त्या-वस्त्यांमधून लोकांना सांगतो की कारभारात भाग कसा घ्यायचा. म्हणजे माझे सहकारी सांगतात, मी त्यांच्या स्लाइड्स बनवते. मला लोकांपुढे बोलता येत नाही. ऑफिसात ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाची त्याला हरकत नाही.

एके दिवशी सोसायटीच्या ॲपवर नोटीस आली. मागच्या खोलीचं काय करायचं, यावर मतदान होणार होतं. एक पर्याय होता बिझनेस लाउंज: काचेचं दार, सोफे, कॉफी मशीन. दुसरा, खोली आहे तशीच मुलांच्या वर्गांसाठी ठेवणं. मत देण्याची लिंक येणार होती.

आईने नोटीस दोनदा वाचली आणि चप्पल घातली. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला जातात तशी ती टॉवरमागून टॉवर फिरली. दारातच उभी राहायची, आत यायचा कितीही आग्रह झाला तरी उभ्या उभ्याच बोलायची, म्हणजे पुढच्या घराला उशीर होत नाही. मी लिफ्टचं बटण दाबून धरत तिच्याबरोबर हिंडले.

"अहो काकू, हे काय सांगायला हवं? तुम्हालाच मत!"

"बिल्कुल काकू. आमचा चिरंजीव हल्ली मला 'आई' म्हणतो, पूर्वी 'यार' म्हणायचा."

आई हसली. घरी येऊन पाय चोळत म्हणाली, "सगळे आपल्या बाजूने आहेत."

लिंक आली त्या दिवशी आईच्या फोनवर काहीच वाजलं नाही. ती बाबांच्या फोनवर आली होती. तो फोन फ्रिजवर असतो. आई तो चार्ज करते, रिचार्ज करते, आणि तो कुणी वापरत नाही. फ्लॅट बाबांच्या नावावर होता आणि ॲपवरही अजून त्यांचंच नाव होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लिंक फक्त मालकाला जाते. मी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलाच्या आईला विचारलं.

"नाही गं, आम्हाला कुठली येणार? आम्ही भाड्याने आहोत ना. आमचे मालक सिंगापूरला असतात."

तिच्या शेजारचे मालक न्यू जर्सीला होते. त्यापुढचे दुबईला. आई एकेका घरी फोन करत गेली आणि उत्तर तेच येत गेलं. तिच्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं भाड्याच्या घरातली होती.

"जो राहतो तो सोसायटीचा नाही?" आईने मला विचारलं. ती ज्या चाळीत वाढली तिथे सगळेच भाडेकरू होते, आणि नळापासून गणपतीपर्यंत सगळं तेच ठरवत. मत विचारायला जाताना, तुमचं घर स्वतःचं का, असं विचारणं तिला सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तरी तिने विचारलं नसतं. तसं कुणी विचारत नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आईसाठी आपल्या मालकांना मेसेज केला. सिंगापूरहून लगेच उत्तर आलं: लाउंज झालं तर फ्लॅटला भाव चांगला येईल, मी त्यालाच मत दिलंय. पुढे जोडलेले हात.

मतदान संपण्याच्या आदल्या दिवशी क्लबहाऊसमध्ये सभा होती. "तू बोल," आई म्हणाली. "तुझं इंग्रजी चांगलं आहे. आणि तुझं तर कामच आहे हे."

समोर पडद्यावर परदेशातले मालक होते. बहुतेकांचे कॅमेरे बंद, काळे चौकोन. मी उभी राहिले. ऑफिसातल्या स्लाइडवर मीच लिहिलेलं एक वाक्य होतं: ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्यांना त्या निर्णयात जागा हवी. इंग्रजीत ते चांगलं वाटतं. मी अर्धं म्हटलं.

सेक्रेटरी वाईट माणूस नाही. बाबांना हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं तेव्हा गाडी त्यानेच काढली होती.

"बेटा, बहुत अच्छी बात है," तो म्हणाला. "कल्चर तो होना ही चाहिए. लेकिन बाय-लॉज़ में वोट ओनर का है. मैं क्या करूँ, बताओ?"

मागून कुणीतरी बोललं, "आज मराठी, कल तमिल, परसों बंगाली. फिर लाउंज तो भाई छत पर ही बनेगा." लोक हसले. पडद्यावरच्या एका चौकोनातूनही हसू आलं, जरा उशिराने.

"जी," मी म्हटलं आणि बसले. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. खुर्चीचं प्लास्टिक गरम होतं, एवढंच जाणवलं.

घरी आल्यावर आईने फ्रिजवरचा फोन खाली घेतला. ओटीपी आला. मी आकडे वाचून दाखवले, तिने बोटाने एकेक दाबला. पडद्यावर बाबांचं नाव आलं आणि खाली, आपले मत नोंदवले आहे, धन्यवाद. आई ते बराच वेळ बघत राहिली. बाबांना मत होतं. सिंगापूरला होतं, दुबईला होतं. रोज सकाळी गेटवर मुलांचं दप्तर धरून स्कूलबसची वाट बघत उभ्या राहणाऱ्या आयांना नव्हतं.

लाउंज मोठ्या फरकाने जिंकलं.

आईने मग वर्ग आमच्या हॉलमध्ये घेऊन पाहिला. मुलं आली, पण बाबांच्या फोटोखाली ती हळू आवाजात बोलायची, आणि त्यांच्या आया, काकूंना त्रास नको, म्हणत त्यांना लवकर न्यायच्या. हळूहळू येणं थांबलं. कुणी थांबवलं नाही. शनिवारी पलंगावर साडी दिसेनाशी झाली, तेव्हा मला कळलं.

लाउंजमध्ये आता दिवे असतात. काचेतून सोफे दिसतात. रविवारी मी दूध आणायला जाते तेव्हा तिथे बहुधा कुणी नसतं, कधी एखादा माणूस कानात हेडफोन घालून कुणाला तरी समजावत असतो. माझ्या ऑफिसात स्लाइड तीच आहे. फक्त रंग बदलायला सांगितले होते, ते मी बदलले.

परवा सेक्रेटरी आम्हा दोघींना लिफ्टमध्ये भेटला. "भाभीजी, अब नाम ट्रांसफर करा लीजिए," तो आईला समजावणीच्या सुरात म्हणाला. "अगली बार वोट आप खुद दीजिएगा."

घरी येऊन मी ॲप उघडलं. आई शेजारी बसली होती.

"नाव बदललं की लिंक मला येईल?"

"हो."

"कशाची?"

"जे काही असेल त्याची."

तिने थोडा विचार केला. मग तिचा नंबर सांगितला, जणू मला तो माहीत नव्हता. मी तो घातला. बाबांचं नाव गेलं आणि तिचं आलं, मध्ये एक छोटं चक्र फिरलं तेवढंच.

आई उठली आणि फ्रिजवरचा फोन चार्जिंगला लावला.