गाडी उभी असतानाची शिट्टी

वैरागजवळ एकजण थंडीत हुरडा पार्ट्या करतो. आलेल्या पाहुण्यांना शेतातून फिरवायला त्याने एक जुनी एटीव्ही घेतली आहे. जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल आणि चार चाकं. टेम्पोत घालून त्याने ती भवानी पेठेत माझ्या गॅरेजवर आणली. उतरवतानाच तिने टेम्पोला लावलेली माझी फळी मोडली, तेव्हापासून ती माझ्या डोक्यात गेली.

"मिस्त्री, गिअर पडंना बगा," तो म्हणाला. "पडला तर करकर करतोय, गाडी हिसका मारतीय. आन् चालू करून नुस्ती हुबी केली की शिट्टी वाजतीय."

मी गाडी चालू करून ऐकली. गिअर टाकताना करकर होती, ते खरं. शिट्टीबिट्टी काही नव्हती.

"शिट्टीचं सोडा. गिअरबॉक्सचं काम आहे," मी म्हणालो.

गिऱ्हाइकांना वाटेल ते आवाज येतात, हे माझं जुनं मत. एकाने मागून खुळखुळतंय म्हणून स्कूटर आणली होती, तर डिकीतल्या डब्यात चमचा होता. आणि मी पंचवीस वर्षं कानावर धंदा केलेला माणूस. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. इंजिन उघडण्याआधी त्याला ऐकवा, असं पेठेत अजून म्हणतात. माझ्याकडे संगणकाची मशीन नाही, चकाचक शोरूम नाही. आहे तो हा कान.

गिअरबॉक्स उघडला. सगळे दात शाबूत. ऑइल बदलून बंद केला, तर करकर तशीच. पुन्हा उघडला, गिअर सरकवणारा फोर्क बदलला, पुन्हा बंद केला. करकर तशीच. मालकाचा रोज फोन, रविवारी पाहुणे येणार आहेत म्हणून. आणि दर वेळी शेवटी तेच, "शिट्टीचं बगितलं का?" तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. म्हणालो, "असं करा, गाडी तुम्ही दुरुस्त करा, मी तिकडं येऊन हुरडा भाजतो." फोन ठेवल्यावर लाज वाटली, पण रागापुढे तिचं काही चाललं नाही.

चौथ्या दिवशी बायको चहा घेऊन खाली आली. आम्ही गॅरेजच्या वरच राहतो. गाडी चालूच होती.

"अहो, ही शिट्टी थांबवा की," ती म्हणाली.

"कसली शिट्टी?"

"ह्या गाडीची की. लई बारीक हाय, पण दातात कळ येती. चार दिवस वर घरातबी येतीय."

मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. धडधड आली, टिकटिक आली. जागा बदलून पुन्हा ऐकलं. शिट्टी नाही. मग मी तिच्यावरच उखडलो. "चार दिवस येतीय, तर बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुमाला ऐकू येतंय. तुमी तर तिला कान लावूनच बसलाय."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. माझं सगळं पोरपण कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. जन्मभर त्याच मागांवर राबलेले आमचे वडील उतारवयात घरात सगळ्यांशी ओरडून बोलायचे आणि आम्ही भावंडं पाठीमागे हसायचो. मला भीती वाटली. एरवी ती मी रागात दडवली असती, पण समोर बायको उभी होती.

"आवाज आला की हात वर कर," मी म्हणालो. "थांबला की खाली."

गाडी उभी, इंजिन संथ चालू. तिचा हात वर. ब्रेक दाबून रेस वाढवली. हात खाली आला. रेस सोडली, हात पुन्हा वर गेला.

तेव्हा उजेड पडला. या गाडीला क्लचची मूठ नसते. इंजिनाच्या बाजूला दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक पट्टा असतो. गाडी उभी असताना पुढची पुली फिरते, पण पट्टा आतल्या एका बेअरिंगवर स्वस्थ राहायला हवा. रेस दिली की पुली पट्ट्याला पकडते आणि बेअरिंगचं काम संपतं. ते बेअरिंग अडकायला लागलं तर पट्टा उभ्या गाडीतही फिरत राहतो, मग गिअर करकरणारच. गिअरबॉक्स बिचारा निर्दोष होता. नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत. मालकाने मला पहिल्याच मिनिटाला खूण सांगितली होती. मी त्याला मूर्खात काढून दोन वेळा भलतंच उघडून बसलो.

दुसऱ्या दिवशी बेअरिंग आणून बसवलं. गिअर एका बोटाने पडला. तरी मी बायकोला हाक मारून खाली बोलावलं. ती चपला न घालताच आली आणि दारात उभी राहिली. मी गाडी चालू केली. तिचा हात खालीच होता.

"गेली?"

"गेली की."

रेस वाढवली, सोडली, पुन्हा वाढवली. हात खालीच. मी इंजिन बंद न करता तिच्या हाताकडे बघत बसलो. माझ्या कानाला ती गाडी पहिल्या दिवशी वाजत होती तशीच वाजत होती.