मथुराबाईंच्या देवाला लागलेले किडे

"म्याडम, दगडाले किडे लागतेत का वो?"

आदिलाबादच्या रैतूबजारात, शेतकऱ्यांच्या भाजीबाजारात, मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता अश्लेषाचा हात थांबला. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. मेथी विकणाऱ्या मथुराबाईंच्या भाषेत 'दगडाची म्याडम'.

"कोणत्या दगडाला?"

मथुराबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माह्या देवाले."

साठी ओलांडलेल्या मथुराबाई मावला गावाजवळ दीड एकरात भाजी पिकवतात. अकरा वर्षांपूर्वी त्या शेतात पाणी नव्हतं. दोन ठिकाणी खणलं, दोन्ही खड्डे कोरडे. त्या ओढ्यावरून घागरी आणून वांग्यांना पाणी घालायच्या. एका सकाळी घागर बुडवताना पायाखाली एक शेवाळलेला, काळपट गोटा आला, कलिंगडाएवढा. का कोण जाणे, टाकवेना. त्यांनी तो शेताच्या कोपऱ्यात आणून ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता इथं खना."

पाणी लागलं.

तेव्हापासून दर अमावस्येला गोट्याला तेल-शेंदूर. थरावर थर चढत गेले, गोट्याचा लालभडक भोपळा झाला. या उन्हाळ्यात एका बाजूचं कवच तडकून गळून पडलं, आणि आत दिसले पांढरे, वेटोळे घातलेले किडे. तेव्हापासून मथुराबाईंची झोप उडाली होती.

रविवारी अश्लेषा शेतावर पोचली तर बांधावर मथुराबाईंचे यजमान, अमृतराव, पाय पसरून बसलेले.

"या, या म्याडम. देवाचा दवाखाना उघडून राह्यली आमची मालकीन."

"तुमी गप बसा. इहीर खनताना कोन म्हने, इथं धूळच निंगन म्हनून?"

"म्या म्हनलं व्हतं. अन् खनली कोनं?"

अश्लेषा भिंग काढून गोट्यापाशी उकिडवी बसली. फट सगळ्या बाजूंनी निरखली. मग म्हणाली, "काकू, हे किडे वाटत नाहीत. पण एवढ्याशा फटीतून नक्की सांगता येत नाही. सगळा शेंदूर काढावा लागेल."

मथुराबाईंनी पदराने गोट्याची फट झाकली आणि तिथेच बसल्या.

"काऊन व, भेली का?" अमृतराव म्हणाले.

"आतून साधा गोटा निंगाला तं?" त्या गोट्याकडे न पाहता बोलल्या. "अकरा वर्सं मी कोनाचे उपकार मानले मंग?"

अमृतरावांनी पाय आखडून घेतले. 

"राहू द्या काकू," अश्लेषाने भिंग पिशवीत ठेवलं. "नाही बघितलं तरी चालेल."

"तुमाले चालन. संशय ठेवून हात जोडाले जमत नाई मले." मथुराबाई उठल्या. "पन लोखंड नाई लावाचं!"

त्यांनी वाटीभर तेल कोमट करून आणलं, नारळाची करवंटी आणली. जुन्या लुगड्याचा तुकडा खाली अंथरला. देवाचं कवच उतरलं की ते वाहत्या पाण्यात सोडायचं, हे त्यांनी माहेरी पाहिलं होतं. एक कपचीही मातीत पडू द्यायची नव्हती. तेल जिरलं, थर मऊ झाले. करवंटीने अलगद खरवडताना त्या गोट्याशी बोलत होत्या, "सोस बाबा, जराक सोस. झालंच आता."

अश्लेषाने वरून तांब्याभर पाणी ओतलं.

काळपट दगडात सात-आठ शंख. अंगठ्याच्या नखाएवढे, पांढरे, पीळ न् पीळ मोजता येईल असे.

"काकू, या गोगलगायी आहेत!" अश्लेषाचा आवाज चढला. "बघा ना, टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं. सगळ्यांचं डावीकडे, एरवी शंखांचं उजवीकडे असतं! गोड्या पाण्यातल्या आहेत या. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे तळं असणार. मग लाव्हारस पसरला, तळं गाडलं गेलं, शंखांचे दगड झाले. जीवाश्म म्हणतात यांना."

"इथं? आपल्या इथं तळं?"

"इथेच, आसपास कुठेतरी."

मथुराबाई दगडाकडे पाहत राहिल्या. "मंग पान्यातलाच व्हय ना थो."

"पण विहिरीचं पाणी त्याच्यामुळे लागलं, असं मी नाही म्हणू शकत हं काकू."

"तू नको म्हनू व माय." म्याडमची एकदम 'माय' झाली होती. "तुह्या पुस्तकात नसन थे. मी म्हंतो ना! इथं पानी व्हतं हे ज्याले आमच्या कितीक आदी ठाऊक, त्याच्याच पाया पडली मी. चुकली नाई."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

अमृतराव घसा खाकरत पुढे आले. "गोगलगाय म्हना की! मेथी खाते म्हनून रोज मीठ टाकून मारतो आपुन तिले. अन् इथं पूजा?"

"थे जमिनीवरची. हे पान्यातली. म्याडम बोंबलून राह्यली, आयकाले नाई आलं का?"

मग प्रश्न उरला पुन्हा शेंदूर लावायचा का. अश्लेषा म्हणाली, "देव तुमचा." मथुराबाई म्हणाल्या, "थे शंख वाचता तं तुले येते, झाकू कशाले?" शेवटी पाठीला शेंदूर लागला आणि शंखांची बाजू उघडी राहिली. नारळ फुटला, पहिला तुकडा मथुराबाईंनी अश्लेषाच्या हातावर ठेवला आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"नागपूरच्या एका सरांना फोटो पाठवते," अश्लेषा म्हणाली. "या गोगलगायींचं नाव, नेमकी जात तेच सांगतील."

लुगड्याचं गाठोडं घेऊन ओढ्याकडे निघालेल्या मथुराबाई वळल्या.

"नक्की इचार. हात जोडताना नाव घेता आलं तं बरं रायते."