इनासचा भाव

कुणी ‘महाग आहे’ म्हटलं, की इनास त्याच्या हातातली बशी काढून घ्यायचा. आधी बशी, मग बोलणं. "सायबानु, लंडनात ह्याच खावक तुमका दोन तास भांडी घासूची लागतली. थंय जावा, स्वस्त गावता काय बघा." गिऱ्हाईक ओशाळून पैसे काढी. इनास मग बशी परत देई, हसत.

कसालला हायवेच्या कडेला त्याची बर्गरची गाडी होती. आम्ही दोघे एका वर्गातले. त्याच्या आईचं माहेर गोव्यातलं. आजोळच्या कागदांवर त्याने पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवला आणि इंग्लंड गाठलं. तिथे एका बर्गरच्या दुकानात तो कटलेटं भाजायचा. सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक होऊन त्याच दुकानात ऐटीत बसायचा म्हणे. मग भाव चढत गेले. खोलीचं भाडं, वीज, बस, सगळंच चढलं. पगार होता तिथेच राहिला. दिवसभर जे दुसऱ्यांना बांधून द्यायचं, तेच त्याला परवडेना. एका संध्याकाळी, टाकून द्यायला काढलेला बर्गर त्याने मागच्या दारात उभ्याउभ्याने खाल्ला. ते कॅमेऱ्यात दिसलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याच्या अंगावरचा एप्रन उतरवून घेतला.

"उष्टो नाय होतो, हां," तो मला सांगायचा. "कोणी हात सुदीक लावूक नाय होतो." हे सांगताना मात्र तो हसत नसे.

गावी येऊन त्याने गाडी टाकली ती चांगली चालली. तेल चढलं, गॅस चढला, पाव चढला, की इनास फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिही. दिवसाअखेर उरलेली कटलेटं बादलीत टाकून वर फिनेल ओतायचा. "फुकट गावता म्हटल्यार उद्या विकत कोण घेतलो?" असं त्याचं म्हणणं.

त्याच्याकडे सुनंदा भांडी घासायला होती. नवरा गेलेला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. फळ्यावरचा आकडा बदलत राहिला, तिची मजुरी बदलली नाही. वाढवून मागितली की इनास म्हणे, "तेलाचो भाव बघलंस?" ती पुन्हा खाली बसून बशा घासू लागे.

एका बाजाराच्या दिवशी, गाडी आवरता आवरता, इनासने तिला हाक मारली. "सुनंदा, पदरात काय आसा?" मी तिथेच चहा पीत होतो. आणखीही पाचसात माणसं होती. तिने पदर सोडला. कागदात गुंडाळलेली दोन कटलेटं निघाली.

"सासू सकाळपासून जेवक नाय हा, दादा," ती म्हणाली. "नायतरी तुमी टाकतलासच."

इनासने तिलाच ती बादलीत टाकायला लावली. तिच्यासमोर फिनेल ओतलं. मग म्हणाला, "आता घेवन जा घराक." आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. दोघंतिघं हसले. सुनंदाने हात धुतले, छत्री उचलली आणि हायवेच्या कडेने चालू लागली.

"अरे, तुझ्यावर हीच पाळी इलेली," मी म्हटलं. "इसारलंस?"

"इसरान कसा चलात?" त्याने बादलीवर झाकण ठेवलं. "माका थंय कोणी सोडल्यान? मगे मी कित्याक सोडू?"

दुसऱ्या दिवशी गाडीवर नेहमीइतकीच गर्दी होती. भांडी घासायला दुसरी बाई होती, आधीपेक्षा कमी मजुरीवर.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, सिलिंडर उतरवताना इनासच्या छातीत कळ आली. ओरोसच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दफनाला सगळा बाजार लोटला. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली आणि माणसं एकेक मूठ माती टाकून मागे सरू लागली. त्या रांगेत सुनंदा दिसली. तिनेही मूठभर माती टाकली आणि खड्ड्यात वाकून बराच वेळ पाहत राहिली.

बाहेर येताना इनासच्या बहिणीने तिचे हात धरले. "तू इलंस गो. मोठा मन तुझा."

"मन कसला, बाय?" सुनंदाने हात सोडवून घेतले. "खरोखरच मेलो काय, तां बघूक इल्लंय."