कापसाच्या खोलीतली पणती

तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. बोथजवळच्या आमच्या गावात दिवाळी यायची ती कापसासोबत. पहिली वेचणी घरात आलेली असायची, खरेदी अजून सुरू झालेली नसायची, म्हणून पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. त्या दिवसांत आई घरात काडीसुद्धा ओढू द्यायची नाही. चूल मागच्या अंगणात, पणत्या तुळशीपाशी.

शेजारच्या मावशीला ते पटायचं नाही. "सालभर ह्या लक्ष्मीसाठी राबतो, अन् हिच्यापुढंच अंधार?" असं म्हणून लक्ष्मीपूजनाला ती कापसाच्या खोलीत एक पणती लावायचीच. मी अकरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला मी तिच्या अंगणात होते. तिचे हात पिठानं भरलेले होते. पेटत्या पणतीकडं बोट दाखवून ती म्हणाली, "पोरी, एवढी वर कोनाड्यात ठेवून ये. कापसापासून दूर ठेवजो."

कोनाड्यापर्यंत माझा हात पुरला नाही. मी पणती जमिनीवरच ठेवली. तेवढ्यात रस्त्यावर फटाके वाजले, तशी बाहेर पळाले.

थोड्या वेळानं मावशीच्या दारातून धूर निघाला. आतल्या खोलीत तिचा म्हातारा सासरा तापानं पडून होता. कुणी अडवायच्या आत मावशी धुरात शिरली आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला फरफटत बाहेर घेऊन आली. तिचे हात कोपरापर्यंत भाजले होते. लोकांनी हापशीवरून घागरी आणून ओतल्या. ज्वाळा विझल्या, पण कापूस आतून तीन दिवस धुमसत राहिला.

"दिवा कोनं ठेवला होता?" तिच्या नवऱ्यानं विचारलं. मी आईच्या मागं उभी होते.

"मीच ठेवला," मावशी म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आठव्या दिवशी सासरा गेला. नवऱ्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. तिची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी तिच्याकडं गेले. तिच्या सुपातली ज्वारी पाखडून देता देता म्हणाले, "मावशी, पणती मी खाली ठेवली होती."

"मालूम हाय मले."

"मंग काऊन नाही सांगितलं?"

"गावानं तुले जन्मभर त्याच नावानं वळखलं असतं. अन् आत त मीच धाडलं होतं तुले."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर सुटेन.

पुढं मी मास्तरीण झाले. आता घरात कापूस नाही. तरी दिवाळीत मी पणत्या पाणी भरलेल्या परातीत लावते, दाराशी ओल्या वाळूची बादली ठेवते आणि विझल्या वाती बोटांनी चाचपून बघते. शेजारची सून हसते, "इथं काय पेटणार आहे, काकू?" मी वाळूवर अजून तांब्याभर पाणी ओतते.

मावशी गेली तेव्हा मी गावी गेले होते. तिचा नवरा ओसरीवर बसला होता. म्हणाला, "माह्या बापाले तिनंच जाळलं अन् तिनंच बाहेर काढलं. कोनता राग धरू, पोरी?"

भोवती सगळं गाव बसलं होतं. तेव्हाही मी बायकांच्या मागं जाऊन उभी राहिले.