बटण कोणीच दाबत नाही

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले. पिंपळ, पांढरी साडी, "आणि गाडी अचानक बंद पडली"... गाडी बंद पडायला पेट्रोल संपणं पुरतं, असं माझं मत होतं. आजही ते फारसं बदललेलं नाही. तरी लिहितोय, कारण जे झालं ते मी सात महिने तपासतोय, आणि चुका तपासणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे.

मी सलीम. वय एकेचाळीस. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. अम्मी होती तोवर आम्ही दोघं होतो. बहीण नसरीन सोलापूरला दिलेली, तिचा फोन दर रविवारी येतो. नोकरी हडपसरला, सॉफ्टवेअरची. घरी आलो की रस्ट नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत डेस्कटॉपसाठी लहान लहान प्रोग्राम लिहायचे आणि कोडसकट नेटवर फुकट ठेवायचे, हा छंद. ही भाषा खाष्ट सासूसारखी आहे. जरा काही कमीजास्त झालं की प्रोग्राम तयारच होऊ देत नाही, वर काय चुकलं ते सविस्तर ऐकवते. खरं सांगतो, अम्मी गेल्यावर घरात माझ्या चुका काढणारं तेवढंच कोणी उरलं होतं.

त्यातला एक प्रोग्राम म्हणजे 'ऊठबस'. दर पाऊण तासाने घंटी वाजते, खिडकी उघडते — "उठा, चार पावलं चाला." चालून आल्यावर 'ठीक' हे बटण दाबायचं. नाही दाबलं तर घंटी थोड्या थोड्या वेळाने वाजत राहते. बस, एवढंच. महत्त्वाची गोष्ट अशी, की हा प्रोग्राम इंटरनेटला हातही लावत नाही. तशी एक ओळसुद्धा त्यात नाही, मी मुद्दाम ठेवली नाही.

कोड ठेवतो त्या साइटवर कोणालाही तक्रार नोंदवता येते. 'ऊठबस'वर वर्षभरात तक्रार करणारा एकच — 'नेहमीचा' नावाचं खातं. ना फोटो, ना ईमेल. पण लिहायचा नीट मराठीत. "आपली खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर अर्धीच दिसते. बघा." मी बघायचो, तर खरंच अर्धी दिसायची. मी दुरुस्त करून कळवायचो, तो "झालं" एवढंच लिहायचा. अशा तीन तक्रारी. हसू नका, पण त्याची तक्रार आली की मला दिवसभर बरं वाटायचं. माझं काहीतरी कोणीतरी रोज वापरतंय म्हणजे.

आमच्या ऑफिसात कुलकर्णी सर आहेत. टेस्टर, म्हणजे प्रोग्राम वापरून त्यातल्या चुका शोधणारे, निवृत्तीला आलेले, राहायला सहकारनगरला. प्रोग्रामवर काही तक्रार आली की त्यांनाही ईमेल जावी अशी सोय मी करून ठेवली होती. ते म्हणायचे, तुझ्या प्रोग्रामला गिऱ्हाइकं दोन, एक तू आणि एक ज्याला नाव नाही.

आता मूळ गोष्ट. नवी आवृत्ती पुरी करायला मी बुधवार ते शुक्रवार रजा टाकली होती. मंगळवारी आमच्या रस्त्यावर खोदकाम सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे पहिली तुटली ती इंटरनेटची केबल. म्हटलं, बरंच झालं, लक्ष लागेल. संध्याकाळी बसून 'ऊठबस'मध्ये थोडे बदल केले. त्यातला एक असा, की 'ठीक' काढून बटणावर 'उठलो' असं लिहिलं. ही आवृत्ती फक्त माझ्या डेस्कटॉपवर होती. नेटच नव्हतं, तर पाठवणार कुठे?

बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला मी माळ्यावरचा राउटर बघायला चाकाच्या खुर्चीवर चढलो. एकेचाळीस वर्षांचा शहाणा माणूस! खुर्ची सरकली आणि मी पलंग आणि कपाटाच्या मधे पडलो. मांडीचं हाड मोडलं हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की हलता येत नाही. फोन टेबलावर होता, डेस्कटॉपशेजारी, दोन हातांवर. ते दोन हात काही सरकता आलं नाही.

ओरडलो. समोरचे गावाला गेलेले, आणि खाली खोदकामाचं मशीन. दहाला घंटी वाजली. "उठा, चार पावलं चाला." माझाच प्रोग्राम, माझेच शब्द. आधी हसू आलं. मग ती वाजतच राहिली आणि मी हिशेब लावला — रजा शुक्रवारपर्यंत, शनिवारी सुट्टी, नसरीनचा फोन रविवारी. म्हणजे चार दिवस मला कोणी विचारणारच नव्हतं. दुखण्यापेक्षा ह्याने मला जास्त रडू आलं. मी मरतोय म्हणून नाही... चार दिवस कुणाचंही काही अडणार नव्हतं म्हणून.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला दारावर थापा पडल्या. कुलकर्णी सरांचा आवाज. मी कसाबसा आवाज दिला. वॉचमन आणि त्यांनी मिळून कडी तोडली. सर आत आले, माझ्या उशाशी फरशीवर बसले. मग म्हणाले, "अरे, मी तुझ्यावर चिडायला आलो होतो."

दवाखान्यात त्यांनी मला ईमेल दाखवली. गुरुवारी सकाळी अकरा वाजता 'नेहमीचा'ने तक्रार नोंदवली होती: "काल दहापासून घंटी वाजते आहे. 'उठलो' हे बटण कोणीच दाबत नाही. बघा."

सरांच्यातला टेस्टर चिडला. ही काय तक्रार झाली? स्वतः दाबायचं ना बटण! ते ऐकवायला त्यांनी मला दोन फोन केले. मी उचलले नाहीत. तक्रारीचा फोन मी कधीच टाळत नाही हे त्यांना माहीत, म्हणून स्कूटर काढली.

मी तीनदा वाचलं आणि म्हणालो, "सर, 'उठलो' बटण बाहेर कुणाकडेच नाहीये."

त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, "हे मला आत्ता नको सांगूस."

घरी आल्यावर मी सगळं उकरून काढलं. प्रोग्रामच्या नोंदीत बुधवारी दहाची घंटी, उत्तर नाही. राउटर गुरुवारी संध्याकाळपर्यंत बंदच. आत वापरलेला इतरांचा कोडही ओळ न् ओळ वाचला, त्यातही नेटवर काही पाठवणारं सापडलं नाही. मीच तापात लिहिलं म्हणावं, तर मी फोनपर्यंत पोचलो असतो तर आधी मदतच मागितली नसती का? नसरीन म्हणते, अम्मीची दुआ. असेल. पण अम्मीने आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि मला 'आपण' तर ती कधीच म्हणाली नसती. साइटवाल्यांनी कळवलं की खातेदाराची माहिती देता येत नाही. मी त्या तक्रारीखाली लिहिलं, "मी उठलो. आपण कोण?" उत्तर नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, सरांकडेही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा, फक्त माझा कोड आधी वाचा.

आणखी एक कबुली. पुढच्या आवृत्तीत मी मुद्दाम एक चूक सोडली. खिडकी बंद करून उघडली की दरवेळी ती केसभर खाली येते. एकदोनदा वापरणाऱ्याला ते कळणारच नाही, रोज वापरणाऱ्यालाच कळेल. ती आवृत्ती बाहेर काढून पाच महिने झाले. माझ्या डेस्कटॉपवर खिडकी आता पार तळाशी आली आहे. रोज सकाळी आधी तक्रारींचं पान उघडतो, मग चहा टाकतो. अजून कोणी काही कळवलेलं नाही.